लाल टिकल्या: सहा खोल्यांच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२४

आज सहा घरांची मापं घेतली, प्रत्येकाला एकेक खोली जोडायची आहे. गाव लोहारा तालुक्यातलं, १९९३ च्या भूकंपानंतर जुन्या जागेवरून उठवून नव्याने बसवलेलं. नाव या वहीत मुद्दाम लिहीत नाही. पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी आणि पैशांचे हिशेब येणार आहेत.

सहाही घरं 'अडीचशेवाल्यां'ची. हा शब्द गावाचाच. त्या पुनर्वसनात घराचं माप जमिनीवरून ठरलं होतं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. घरात माणसं किती, हा रकाना त्या कोष्टकात नव्हताच. शिवाय एका मापाची घरं एका ओळीत बांधली गेली, त्यामुळे जुन्या गावात एका बोळात राहणारी भावकी इथे मापाप्रमाणे पांगली. रस्ते इतके रुंद की दोन ट्रॅक्टर आरामात जातील, पण समोरच्या दारातल्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

तीस वर्षांत लोकांनी आपापलं डिझाईन केलेलंच आहे, ते आधी बघायला हवं. सहापैकी पाच घरांपुढे पत्र्याचं शेड आहे. वर पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवलेले, बाजूंना तुराट्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला. चूल तिथे, बसणं-उठणं तिथे, रात्री अंथरुणं तिथेच. आतल्या स्लॅबच्या घरात ज्वारीची पोती, कपाट, टीव्ही, लग्नात आलेली भांडी. म्हणजे ज्याला आम्ही घर म्हणतो ते यांचं कोठार आहे.

शेवटच्या घरातल्या आजीला विचारलं, आत का झोपत नाही? ती स्लॅबकडे हात करून म्हणाली, "त्ये सरकारचं हाय." मग शेडकडे, "ह्ये माझं."

तिने भूकंपाच्या रात्री घरातली तिघं गमावली. हे तिने नाही सांगितलं, सुनेने सांगितलं, चहा देताना, हळू आवाजात.

मिळालेले पैसे सहा खोल्यांपुरते आहेत. १० बाय १२ ची एक खोली, पुढे ओसरी. घरकुल योजनेत यांची नावं बसत नाहीत, कारण कागदावर पक्कं घर आहे.

११ जानेवारी

वेळ अमावस्या. आज काम कुणी करणार नाही आणि करूही नये. लातूर-धाराशिवबाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगणं अवघड आहे. गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे रानात. आम्हालाही नेलं. आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी. पोट फुटेस्तोवर खाल्लं.

मी खाता खाता कडब्याची कोप बघत होते. पाच-सहा पेंढ्या टेकवून उभ्या केल्या, वरून शाल. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, तेच पांडव. दहा मिनिटांत दोन पोरांनी उभी केली. भूकंप आला तरी कोप अंगावर पडून कुणी मरणार नाही. बरोबरच्या इंजिनिअर मित्राला हे म्हटलं तर तो म्हणाला, "जेव आधी."

१८ जानेवारी

जुन्या गावात गेलो. वेड्या बाभळींनी सगळं गिळलंय. मारुतीचं देऊळ तेवढं स्वच्छ आहे, शनिवारी लोक येतात.

बाकी ढिगारे. पण ढिगाऱ्यांत भिंतीचा छेद अजून वाचता येतो. एका ठिकाणी कमरेएवढी भिंत उभी आहे, अडीच फूट जाड. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, तोंड छान चौकोनी पण शेपूट निमुळती, गाजरासारखी. आतल्या अंगाला तसेच. मधल्या पोकळीत माती, चिपा, लहान डबर. बाहेरचा थर आणि आतला थर यांना एकत्र धरणारा एकही दगड नाही. बघायला एक भिंत, प्रत्यक्षात पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती आणि मध्ये कोंबलेली माती. हादरा बसला की माती खाली दबते, दोन्ही थरांना बाहेर ढकलते आणि भिंत पोट फुगवून उलते.

वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी नवा थर द्यायचा. जुना कुणी काढायचं नाही. दोन-तीन पिढ्यांत दीड-दोन फूट माती सहज चढते. हिशेब केला: चौरस मीटरला पाऊण ते एक टन. अडीचशे चौरस फुटांच्या छपरावर वीस टनांच्या आसपास. एका बैठ्या घराच्या डोक्यावर लादलेले दोन ट्रक.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. सुमारे ८,००० माणसं गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात हा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तिसऱ्यात आला.

पण काही वाड्यांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या बाहेरच्या बाजूला कोसळल्या. आमच्याबरोबर आलेले गवंडीमामा म्हणाले, "खण शाबूत ऱ्हायले तिथली माणसं वाचली." इथे घर फुटात नाही, खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांत मोजतात, पाच खणी, सात खणी. त्या मोजण्यात सांगाडाच घर होता, भिंत नुसता आडोसा.

दगड बघून जीव हरखला. काळा कठीण दगड, फुकटचा, पाच-पंचवीस ट्रॉल्या सहज. नवी डबर घेतली तर खोलीमागे नऊ ब्रास लागेल (ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

२७ जानेवारी

बैठक. दगड म्हटल्याबरोबर अर्धी माणसं उठायला लागली.

"दगुड नको ताई. सिमिटाचं बांधा, न्हाईतर बांधू नका."

एकाने सरळ विचारलं, "त्या दगडाखालून आम्ही माणसं काढल्यात. तेच दगड परत डोईशी लावून झोपायचं व्हय?"

याला उत्तर नव्हतं. जुन्या गावात मी नऊ ब्रासचा हिशेब करत होते तेव्हा गवंडीमामा एका जागी थांबून का राहिले होते, ते आत्ता कळलं. मी खर्च बघत होते.

बाजू सावरली ती एका मावशींनी. भूकंपानंतर जी गावं उठवली नाहीत तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा कार्यक्रम झाला होता, जवळपास २ लाख घरांचा. त्यात गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या होत्या, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत. मावशी त्यांपैकी एक. २००१ चा कच्छचा भूकंप झाल्यावर इकडच्या बायांबरोबर तिकडे जाऊन आलेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दगडानं न्हाई मारलं. दगडाला दगडाचा हात न्हवता म्हणून मारलं. मी गवंड्याला इचारायची, हेडर कुठाय दाव. घरमालकाला सुदिक कळत न्हवतं त्ये मला कळत हुतं." हेडर म्हणजे भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना धरणारा लांब दगड.

ठरलं काय? जुन्या गावातले दगड नाहीत. ते राहू देत तिथेच. दगड खाणीतून घ्यायचा, आणि तो टिकतो हे आधी डोळ्यांसमोर दाखवायचं. खर्च वाढला. पण माझ्याच वहीतली वजावटीची रक्कम खोडताना वाईट वाटलं नाही.

४ फेब्रुवारी

ट्रॉलीचा प्रयोग. प्रयोगशाळेत याला शेक टेबल, म्हणजे भूकंपासारखं हलणारं टेबल लागतं. आमच्याकडे ट्रॅक्टर होता.

ट्रॉलीत मातीच्या मसाल्यात दोन बुटक्या भिंती बांधल्या, दोन्ही तीन फूट लांब, तीन फूट उंच, पंधरा इंच जाड. दगड तेच, गवंडी तेच. एकीत आरपार जाणारे हेडर घातले, दुसरीत जुन्या पद्धतीने दोन थर आणि मध्ये भर. आठवडाभर वाळल्या. मग ट्रॅक्टर नांगरटीच्या रानातून पळवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, मनसोक्त ब्रेक मार.

तिसऱ्या ब्रेकला बिनहेडरची भिंत आधी फुगली, मग तिचा बाहेरचा थर एखादं दार उघडावं तसा बाहेर पडला. दुसरीला भेगा गेल्या, वरचे तीन दगड निसटले, पण राहिली उभी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हातारी माणसं गप्प होती.

मला ठाऊक आहे की शास्त्र म्हणून याची किंमत फार नाही. ब्रेकचा धक्का म्हणजे भूकंप नव्हे. पण आयआयटीचा अहवाल या अंगणात कुणी वाचला नसता.

रात्री आजीने सुनेकरवी निरोप पाठवला: "माझी दगडाची चालंल. पन मला मोजून पायजेत त्ये दांडगे दगड."

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, अर्धा दिवस काम. पायाची खोदाई. गाव काळ्या रानात बसवलंय. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. जुन्या घरांच्या कोपऱ्यांतल्या तिरक्या भेगा भूकंपाच्या नाहीत, या मातीच्या आहेत. मुरूम लागेपर्यंत खाली गेलो: दोन घरांना साडेतीन फूट, तिघांना साडेचार, आजीच्या घराला सहा. तिच्याच वाट्याला नेमका सहा.

२ मार्च

हेडरचा घोळ. पंधरा इंच लांबीचे सरळ दगड खाणीत मिळतात, पण मागू तेवढे नाहीत. दगडी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक हेडर हवा. म्हणजे एका थरात बारा, चार थर, अठ्ठेचाळीस. दारं-खिडक्या वजा जाता चव्वेचाळीस. सहा खोल्यांचे २६४. खाणवाल्याने साठ दिले आणि हात वर केले.

मानकात पर्याय दिलेला आहे: दगडाऐवजी दोन इंच बाय दोन इंचाची काँक्रीटची दांडी, मधोमध ८ एमएमची सळई. साचे सुताराकडून करून घेतले. बचत गटातल्या बायांनी ओतायचं काम घेतलं, नगावर. बारीक खडी, एक-दोन-चारचा माल (सिमेंट, वाळू, खडी), दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून हौदात. दगडाचे हेडर मग कोपऱ्यांसाठी वेगळे काढले. दांड्या ३०० ओतल्या, फुटतुटीसह.

लाल रंगाची कल्पना मावशींची. त्यांचं म्हणणं असं: पूर्वी आम्ही गवंड्याला विचारायचो, तो म्हणायचा 'घातलेत की'. भिंत उभी राहिल्यावर कोण बघणार? तर दांडीची दोन्ही टोकं लाल ऑक्साईडमध्ये बुडवा. भिंतीत बसली की बाहेरून एक लाल ठिपका दिसेल, आतूनही एक. गिलावा होईपर्यंत घरच्या माणसाने रोज मोजायचं. बाहेर जेवढे, आत तेवढे.

इतकी वर्षं साईटवर जाते, मोजमाप वहीत पन्नास सह्या घेते. घरमालकाला स्वतःला तपासता येईल अशी एकही खूण मी आजवर कुठल्या भिंतीवर सोडली नव्हती.

बायांनी त्या ठिपक्यांना 'टिकल्या' नाव दिलं. आजी म्हणाली, "माझ्या कपाळाला न्हाई, भिताडाला तरी." सगळ्या हसल्या, तीही.

१२ मार्च

नकाशावरून वाद. बांधकामापेक्षा यातच जास्त वेळ गेला, आणि ते बरोबरच आहे.

एक. दार कुठे? सगळ्यांना कोपऱ्यात हवं, जुन्या घराला चिकटून, म्हणजे पावसात ओलं न होता ये-जा. पण कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत भोक पाडलं तर कोपरा कमजोर होतो, आणि भूकंपात पहिला उघडतो तो कोपराच. दोन फूट सोडले, आणि ओसरीचा पत्रा पुढे वाढवून जुन्या दारापर्यंत आणला. मान्य झालं.

दोन. न्हाणी. कागदावर मी ती मागे टाकली होती. सून म्हणाली, मागे रस्ता आहे, येणारे-जाणारे बघतात, अजूनही आम्ही पहाटे अंधारात अंघोळ करतो. आता ओसरीच्या टोकाला, छातीएवढ्या भिंतीच्या वर तट्ट्याचा आडोसा. १९९५ चा नकाशा ज्याने काढला त्याला हे कुणी सांगितलं नसेल, कारण बैठकीला पुरुष असतील. माझ्याही पहिल्या बैठकीला पुरुषच होते.

तीन. वर काय? तरुण पोरांना स्लॅब हवाय, पुढे माडी चढवायला. आजी म्हणते, डोक्यावर जड काही नको. शेवटी पत्रा, पण अँगलच्या कैच्यांवर आणि भिंतींच्या माथ्यावरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यात पुरलेल्या बोल्टांनी धरलेला, दगड ठेवून नव्हे.

चार. जुन्या आणि नव्या बांधकामात एक इंचाची फट. ही मात्र कुणालाच पटली नाही. समजावलं: ते घर सिमेंटचं, हे दगडाचं, हादरा बसला तर दोघांची चाल वेगळी, चिकटून असतील तर एकमेकांना आपटतील. एकाने विचारलं, "मग विंचू शिरल्यावर काय करायचं?" मी म्हटलं, पत्र्याची पट्टी लावू. वहीत लिहिलं: 'पट्टी: नंतर'.

२१ मार्च

सकाळी सव्वासहाला सरपंचबाईंचा फोन. हिंगोलीला भूकंप. ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा, दहा-अकरा मिनिटांनी आणखी एक, ३.६ चा. हिंगोली, नांदेड, परभणीत लोक रस्त्यावर. आमच्या गावात जाणवलं नाही, पण व्हॉट्सॲपवर जाणवलं.

दुपारी पोचले तर गवंडी काम करत होते आणि बाकी अख्खी ओळ रस्त्यावर बाजा टाकून बसलेली. तीस वर्षांची पोरं, ज्यांनी तो भूकंप बघितलेलाच नाही, तीही. भीती इथे वारशाने येते, सातबाऱ्यावर नाव लागायच्या आधी.

आजी कुठे दिसेना. शोधलं तर शेजारच्या अर्धवट भिंतीपाशी, बोटांनी टिकल्या मोजत होती.

२८ मार्च

वाईट दिवस.

सकाळी आजी म्हणाली, "ताई, चौथ्या घराचं बगा. भाईर बावीस, आत नऊ."

गेले. दोन थर झालेले, बाहेरून बावीस ठिपके अगदी ओळीत. आतून नऊ. एक दगड काढून बघितला. दांडी हातोड्याने मोडून अर्धी केलेली; अर्धी बाहेरून खुपसलेली, उरलेलीचा पत्ता नाही. तेरा दांड्या तशा. बाहेरून सगळं झकास, आत पुन्हा तीच १९९३ ची भिंत.

संताप आला. गवंड्याला बोलावलं, तरुण मुलगा, मान खाली घालून उभा. मामांनी बाजूला घेऊन त्याला विचारलं आणि मग मला सांगितलं. दांडी पंधरा इंच, दगड वेडावाकडा. ती बसवायची तर आत-बाहेर दोन्हीकडून दगड घडून जागा करावी लागते. एका दांडीला दहा-पंधरा मिनिटं जातात. आणि मी मजुरी ठरवली होती ब्रासवर. जो दांड्या नीट बसवेल त्याचा दिवसाचा ब्रास कमी भरणार, म्हणजे त्याला कमी पैसे. करार मीच असा लिहिला होता की काम नीट करणाऱ्याला तोटा आणि उरकणाऱ्याला फायदा.

त्याने केलं ते चूकच. पण त्याला तसं करायला लावणारा कागद माझ्या सहीचा होता.

भिंत जोत्याच्या पट्ट्यापर्यंत उतरवली. दीड दिवस गेला. पैसे आकस्मिक खर्चातून. नवा दर: ब्रासची मजुरी आहे तशी, शिवाय बसवलेल्या प्रत्येक दांडीला वेगळे पैसे, आणि मोजणी घरच्या बाईने करायची, मी नाही. बाहेर आणि आत जुळल्याशिवाय पैसे नाहीत.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी येणार नाही असं वाटलं होतं.

२९ मार्च

आला.

९ एप्रिल

पाडवा. चार घरांच्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यावरच्या पट्ट्यापर्यंत. पट्ट्याची सळई: ८ एमएमच्या दोन, दर सहा इंचांवर कडी, काँक्रीट तीन इंच. कोपऱ्यात सळई नुसती टेकवून चालत नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यावी लागते. हे प्रत्येक साईटवर प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं. उभी सळई चारही कोपऱ्यांत, पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत. तिच्याभोवती तीन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा ठेवायचा, दगड रचत जायचं, पाईप वर ओढायचा, पोकळीत काँक्रीट भरायचं. मुलांना हे फार आवडलं. एक जण म्हणाला, उसात जसा रस.

पाणी मारायला पाणी नाही. टँकर एक दिवसाआड. पट्ट्यांवर ओली पोती टाकली, बायांनी कपडे धुतलेलं पाणी आणून ओतलं. साबणाचं पाणी नको असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पहिल्या पिळाचं बाजूला ठेवून दुसऱ्याचं आणा एवढंच म्हटलं.

२४ एप्रिल

ऊन. पहिल्या खोलीवर पत्रा चढला आणि दुपारी आत उभं राहवेना. हे मला माहीत होतं, तरी अंदाजपत्रकात छतासाठी काही धरलं नव्हतं. पत्र्याबरोबर येणारा उकाडा लोक सोसतात असं आम्ही शहरातले गृहीत धरतो.

माळवद जीवघेणं होतं खरं, पण उन्हाळ्यात आत गारवा असायचा आणि रात्री वर झोपता यायचं, कुरडया-पापड वाळत घालता यायचे. इथल्या म्हाताऱ्या माणसांना घराचं हेच आठवतं.

उपाय गावातच पडलेला: तुराट्या. पत्र्याखाली अर्धा फूट सोडून बारीक अँगलवर तुराट्यांच्या तट्ट्या, खालून लिंपण अगदी पातळ, वजन नको. वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी, गरम हवा जायला. उंदरांचा प्रश्न आहे. जाळी बारीक घेतली, पण उंदीर माझ्यापेक्षा हुशार आहे.

७ मे

मतदान. गवंडी गावाला. काम बंद.

२० मे

वळीव. वाऱ्याने ओळीतल्या तिसऱ्या घराच्या जुन्या शेडचे पत्रे उडवले, वरच्या दगडांसकट. एक दगड बाजेवर पडला. बाजेवर कुणी नव्हतं. आमच्या चार छपरांचे पत्रा धरणारे जे-हुक शाबूत. पाचव्याला दोन हुक कमी पडले होते, 'उद्या लावू' म्हणून. तो पत्रा वाजत राहिला रात्रभर. आज लावले.

८ जून

मृग. सहाही खोल्या झाल्या. आतून गिलावा, बाहेरून फक्त दगडांच्या सांध्यांतल्या दर्जा भरल्या.

गिलाव्याच्या वेळी एक गोष्ट झाली. चार घरांनी आतल्या टिकल्यांवर गिलावा चढू दिला नाही. गवंड्याने प्रत्येक दांडीभोवती रुपयाएवढी जागा मोकळी सोडली आहे. दिसायला विचित्र दिसतं, गोवर आलेल्या पोरासारखं. एका घरात त्यावर परत रंग दिलाय. मी म्हटलं, आता झाकलं तरी चालेल. सून म्हणाली, "न्हाई, ऱ्हाऊ द्या. पाव्हणे इचारतेत, मग सांगता येतंय."

आजीची खोली बघितली. आत कांद्याची आढी, एक पेटी, देवघर. तिची बाज अजून शेडमध्येच आहे, उशाकडची बाजू दाराकडे. नातू-नातसून नव्या खोलीत झोपतात. मी काही बोलले नाही, तिनेही विषय काढला नाही.

१० जुलै

सकाळी ७:१४ ला हिंगोलीत पुन्हा. पुन्हा ४.५. पुण्यात होते; मावशींना फोन लावला.

"जाणवलं का?"

"कायबी न्हाई. बातम्यात बगितलं."

"बाहेर आले होते का लोक?"

"आले की. मग परत मोजल्या टिकल्या सगळ्यांनी." त्या हसत होत्या. "आजी म्हनली, हायत तेवढ्याच हायत."

मग म्हणाल्या, एक सांगायचं राहिलं. ते फटीचं. पावसाचं पाणी त्या फटीतून भिंतीच्या कडेने आत यायला लागलं, एक विंचूही निघाला, म्हणून तिघांनी ती सिमेंटने बुजवून टाकलीय. चांगली गच्च.

म्हणजे तीन घरं आता शेजारच्या स्लॅबला चिकटली. माझ्या वहीत १२ मार्चला लिहिलंय, 'पट्टी: नंतर'.

रविवारी जायचं. बरोबर न्यायचं: छिन्नी, बारीक हातोडा, ९ इंची पत्र्याची पट्टी सहा नग, एका अंगाला वाकवलेली (स्क्रू फक्त नव्या भिंतीच्या बाजूने, जुनी बाजू मोकळी), विंचवासाठी बारीक जाळी फटीच्या खालच्या तोंडाला. पट्टीचे पैसे आकस्मिक खर्चात उरलेले नाहीत, ते माझ्याकडून.